मी नकारपत्र का दिले नाही

२०२२ च्या फेब्रुवारीत संस्थेच्या कार्यालयातून सेवाज्येष्ठता यादी शाळेत आली. प्रत्येकाने आपल्या नावापुढे सही करून ती परत पाठवायची होती. आमचे मुख्याध्यापक त्या वर्षी ३१ मे रोजी निवृत्त होणार होते. यादीत माझ्या वर एकच नाव होते, आमच्या मराठीच्या सरांचे, आणि आपण पद घेणार नाही हे त्यांनी शिक्षक कक्षात आधीच सांगून टाकले होते. त्यांच्याखाली माझे नाव. मी काहीही केले नाही तरी पद माझ्याकडेच येणार होते, आणि नको असेल तर सरांप्रमाणे मलाही नकारपत्र लिहून द्यावे लागणार होते.

खाजगी अनुदानित शाळेचा मुख्याध्यापक जाहिरात देऊन आणि मुलाखती घेऊन निवडला जात नाही, हे शाळेबाहेरच्या अनेकांना ठाऊक नसते. खाजगी शाळांतील कर्मचाऱ्यांच्या सेवाशर्तींचा १९७७ चा अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली यांत हे ठरवून दिलेले आहे. माध्यमिक शाळेसाठी पदवी आणि बी.एड., पूर्णवेळ अध्यापनाचा किमान पाच वर्षांचा अनुभव, त्यातली किमान दोन वर्षे बी.एड.नंतरची, आणि सेवेची नोंद समाधानकारक. या अटी पूर्ण करणाऱ्यांमध्ये जो सर्वांत ज्येष्ठ, त्याची नेमणूक होते. ज्येष्ठता त्या नियमावलीच्या अनुसूची 'फ'प्रमाणे ठरते. अल्पसंख्याक संस्थांची गोष्ट थोडी वेगळी आहे, पण आमच्यासारख्या संस्थांना हाच रस्ता. ज्येष्ठ शिक्षकाला पद नको असेल, तर आपण स्वेच्छेने हक्क सोडत आहोत असे त्याने शिक्षणाधिकाऱ्यांना लेखी कळवायचे असते. त्या कागदाला आम्ही सगळे नकारपत्र म्हणतो. त्यामुळे शिक्षक प्रशासनात का जातात, हा प्रश्न आमच्याकडे वेगळ्या रूपात विचारला जातो: तुम्ही नकार का दिला नाहीत? गेल्या काही वर्षांत मला तो इतक्या सहकाऱ्यांनी विचारला आहे की त्याचे उत्तर एकदा सविस्तर लिहावे असे वाटले.

मी १९९८ च्या जूनमध्ये गणित आणि विज्ञान शिकवण्यासाठी या शाळेत लागले. शाळा पुण्याच्या पेठेतली, मराठी माध्यमाची, पाचवी ते दहावी. तेव्हा प्रत्येक इयत्तेच्या चार तुकड्या होत्या आणि बहुतेक मुले नारायण, सदाशिव, शनिवार पेठेतल्या वाड्यांतून चालत येत. पुढे वाडे पाडून इमारती झाल्या, जुनी कुटुंबे कोथरूड, वारजे, सिंहगड रस्ता अशी पांगली, जी राहिली त्यांतल्या बऱ्याच जणांनी मुलांना इंग्रजी माध्यमात घातले, आणि आमच्या बाकांवर जनता वसाहत, पर्वती पायथा, दांडेकर पूल इथली मुले येऊन बसू लागली. आता इयत्तेच्या दोनच तुकड्या आहेत. हा सगळा बदल मी वर्गात उभी राहून पाहिला. कागदावर त्याचे काय होत होते, किती पदे गेली, कोणाचे दुसऱ्या शाळेत समायोजन झाले, याच्याशी आपला संबंध नाही अशी माझी समजूत होती. सकाळी हजेरीचा कॅटलॉग घ्यायचा, खडू संपले की मागायचे, किरकोळ रजेचा अर्ज ठेवायचा, महिनाअखेरीस हजेरीची बेरीज जुळवून द्यायची, एवढ्यापुरते कार्यालय मला माहीत होते. चांगल्या शिक्षकाने त्या दाराशी फार रेंगाळू नये, असेच आम्हा तरुण शिक्षकांना वाटत असे.

ती समजूत २०११ च्या जूनमध्ये मोडली. त्या वर्षी मी सातवीची वर्गशिक्षिका होते. मधल्या सुट्टीत कार्यालयाच्या खिडकीपाशी एक बाई मुलाला घेऊन उभ्या होत्या. मराठवाड्यातून आलेले कुटुंब, नवरा-बायको दोघे धायरीजवळच्या बांधकामावर कामाला. मुलगा गावी सहावीपर्यंत शिकलेला. हातात एक प्लास्टिकची पिशवी, तिच्यात शिधापत्रिकेची झेरॉक्स आणि घडी घालून ठेवलेले सहावीचे प्रगतिपुस्तक. शाळा सोडल्याचा दाखला नव्हता. आमच्या लिपिकाने शांतपणे सांगितले की दाखला आणा, मग प्रवेश होईल. त्यात उद्धटपणा काहीच नव्हता. वीस वर्षे तो तेच सांगत आला होता आणि तसेच सांगायचे असते हे त्याला शिकवले गेले होते. बाईंनी पिशवी परत गुंडाळली. मी तिथेच, दोन हातांवर उभी होते. माझ्या वर्गात जागा होती. मी लिपिकाला म्हणाले, "अहो, घेता नाही का येणार?" तो म्हणाला, "बाई, मोठ्या बाई मीटिंगला गेल्यात. त्यांच्या सहीशिवाय मी कसा घेऊ?" घंटा झाली आणि मी वर्गावर गेले.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या बाईंना, म्हणजे तेव्हाच्या मुख्याध्यापिकांना, सांगितले. त्या लगेच म्हणाल्या की अशा मुलाला परत पाठवायचे नसते, त्यांना बोलावून घ्या. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झालेला होता. दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या मुलाचा दाखला मिळायला उशीर झाला, तर त्या कारणाने प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही असे त्याच्या पाचव्या कलमात आहे, आणि वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारू नये असे चौदाव्या कलमात आहे. आठवीपर्यंतच्या प्रत्येक मुलाला हे लागू होते. पण आमच्या खिडकीवर त्यांचा पत्ता कोणी लिहून घेतला नव्हता. धायरीतल्या दोन-तीन बांधकामांवर मी रविवारी जाऊन विचारले. ते कुटुंब सापडले नाही. त्या मुलाचे नावही मला ठाऊक नाही, कारण प्रगतिपुस्तक माझ्या हातात आलेच नव्हते.

यात दोष कोणा एकाचा नव्हता हे मी तेव्हाही जाणत होते. कायदा होता, वर्गात जागा होती, मोठ्या बाईंची इच्छाही होती. खिडकीवर बसलेल्या माणसापर्यंत हे सगळे पोहोचवण्याचे काम मात्र कोणीतरी जूनच्या आधी करायला हवे होते, आणि ते कोणाच्याच हातून झाले नव्हते. त्या दिवसापासून मी कार्यालयाकडे निराळ्या नजरेने पाहू लागले. पुढच्या दोन वर्षांत मी यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाची शालेय व्यवस्थापन पदविका केली. पदासाठी ती अट नव्हती, आणि पदाचा विचार तेव्हा माझ्या मनात नव्हताही. मला त्या कागदांची भाषा समजून घ्यायची होती.

प्रशासन काय करू शकते हे मी खऱ्या अर्थाने पाहिले ते २७ सप्टेंबर २०१८ रोजी. त्या दिवशी सकाळी जनता वसाहतीजवळ मुठा उजव्या कालव्याची भिंत फुटली आणि पाणी सिंहगड रस्त्यावरून दांडेकर पुलाच्या वसाहतीत शिरले. शाळा भरलेली होती. पालकांचे फोन येऊ लागले, मुलांमध्ये कुजबुज सुरू झाली, काही मुली रडू लागल्या. आमचे तेव्हाचे मुख्याध्यापक, ज्यांना आम्ही मोठे सर म्हणत असू, एकेका वर्गात स्वतः गेले आणि त्या भागातल्या मुलांची नावे त्यांनी लिहून घेतली. शाळा सुटल्यावर पालक न्यायला आल्याशिवाय एकाही मुलाला त्यांनी सोडले नाही. रात्री उशिरापर्यंत सभागृह उघडे होते आणि आम्ही काही जण थांबलो होतो. हे कोणताही सहृदय माणूस करील. त्यांनी पुढच्या आठवड्यात जे केले ते मात्र मुख्याध्यापकालाच करता येते.

ज्यांच्या घरातले सगळे भिजले किंवा वाहून गेले, त्यांच्याकडे आधार कार्ड नव्हते, जातीचे दाखले नव्हते, बँकेचे पासबुक नव्हते. नवीन मिळवायला जावे तर आधी ओळखीचा काहीतरी पुरावा हवा. मोठ्या सरांनी लिपिकाला आणि मला जनरल रजिस्टर, म्हणजे शाळेत दाखल झालेल्या प्रत्येक मुलाची नोंदवही, घेऊन बसवले आणि त्या प्रत्येक मुलाचे बोनाफाईड प्रमाणपत्र, जन्मतारीख आणि आईच्या नावासकट, अर्ज न मागता तयार करवून घेतले. आठवीपर्यंतच्या मुलांसाठी शासनाकडून आलेल्या मोफत पुस्तकांतले शिल्लक संच त्यांनी कपाटातून काढले. नववी-दहावीची पुस्तके मोफत मिळत नाहीत, म्हणून आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्या मुलांना फोन करून ती गोळा केली. दहावीच्या मुलांचे बोर्डाचे अर्ज भरण्याचे दिवस तोंडावर आले होते; त्या यादीत कोणाची कागदपत्रे कमी आहेत याची वेगळी वही त्यांनी केली आणि ती दिवाळीपर्यंत रोज टेबलावर असे. मी त्या वर्षी दहावीला भूमिती चांगली शिकवली, असे मला वाटते. पण दांडेकर पुलावरची मुले परीक्षेला बसली ती सरांच्या त्या वहीमुळे. माझ्या भूमितीइतकीच ती वहीही शिकवण्याचा भाग आहे, हे मला तेव्हा पटले.

२०१९ मध्ये मी शाळेची पर्यवेक्षक झाले, म्हणजे मुख्याध्यापकांच्या हाताखालचे पद माझ्याकडे आले, आणि त्याबरोबर वेळापत्रकही. या कामाबद्दल मला थोडे अधिक लिहायचे आहे, कारण माझा निर्णय खरा तिथेच झाला.

मे महिन्यात ड्रॉइंग पेपरच्या दोन मोठ्या शीट जोडून मी त्यावर चौकटी आखल्या: डाव्या बाजूला १२ तुकड्या, वर सहा दिवस, आठवड्याचे ४५ तास. जुनी वेळापत्रके समोर ठेवली आणि आधी ती नीट वाचली. वाचता वाचता एक गोष्ट दिसली, जी २१ वर्षे वर्गात राहून मला दिसली नव्हती. दरवर्षी वेळापत्रक भरायला सुरुवात व्हायची ती दहावी 'अ'पासून. आधी दहावीचे दोन्ही वर्ग, मग ज्येष्ठ शिक्षकांनी मागितलेले तास, मग प्रयोगशाळा आणि मैदान, आणि उरलेल्या चौकटींत बाकीचे सगळे. नववी 'ब' अगदी शेवटी भरली जायची. त्यामुळे त्या वर्गाचे गणिताचे पाचपैकी तीन तास शेवटच्या दोन तासिकांत आलेले असत, आणि सर्वांत जास्त बदली तासही त्याच वर्गाच्या वाट्याला जात. नववी 'ब' गणितात मागे का, यावर आम्ही किती बैठका घेतल्या होत्या! मुले लक्ष देत नाहीत, घरी अभ्यास होत नाही, पाया कच्चा आहे, असे आम्ही सगळे, मीसुद्धा, म्हणत आलो होतो. कोणी कधी त्या वर्गावर अन्याय करायचा म्हणून तसे वेळापत्रक केले नव्हते. पण जो वर्ग शेवटी भरला जातो त्याला उरलेलेच मिळते.

मी त्या वर्षी नववी 'ब' आणि आठवी 'ब'पासून सुरुवात केली. त्यांचे गणित आणि इंग्रजी पहिल्या चार तासांत बसवले आणि मग वर सरकले. खोडरबराने कागद दोन ठिकाणी फाटला. एका ज्येष्ठ सहकाऱ्यांना सलग दोन तास मोकळे हवे होते, ते मिळाले नाहीत, आणि ते माझ्याशी पंधरा दिवस बोलले नाहीत. मोठ्या सरांनी कागद पाहिला, काही विचारले नाही, खाली सही केली. त्या वर्षी नववी 'ब' मी शिकवत नव्हते. तरी दुसऱ्या सत्रात त्या वर्गाच्या वह्या मागवून पाहिल्या, तेव्हा त्यांत पूर्ण केलेली उदाहरणे आधीपेक्षा स्पष्टपणे जास्त होती. ज्या वर्गात मी पाऊलही ठेवले नव्हते, त्या वर्गाच्या गणिताला माझा हात लागला होता. वर्गशिक्षिका म्हणून मला हे कधीच शक्य झाले नसते.

मग करोनाचा काळ आला. त्यातले एवढेच सांगते की २०२१ मध्ये दहावीची परीक्षा रद्द झाली, नववीच्या निकालाचे ५० गुण, दहावीच्या अंतर्गत मूल्यमापनाचे ३० आणि तोंडी-प्रात्यक्षिकाचे २० असे सूत्र ठरले, आणि शाळाशाळांत मुख्याध्यापकांच्या अध्यक्षतेखाली निकाल समित्या बसल्या. आमच्या समितीत मी होते. एकेका मुलाची नववीची वही, त्याने मोबाइलवरून पाठवलेले स्वाध्याय आणि घरची परिस्थिती माहीत असलेले लोक त्या टेबलाभोवती असणे किती गरजेचे होते, हे त्या दिवसांत आम्ही अनुभवले.

२०२२ ची यादी आली त्या संध्याकाळी मी आणि मराठीचे सर लक्ष्मी रस्त्याजवळच्या अमृततुल्यमध्ये चहाला थांबलो. त्यांचा नकार मला नीट समजून घ्यायचा होता. ते म्हणाले, "बाई, माझी तीन वर्षं राहिलीत. दहावीच्या वर्गात कविता उलगडताना मुलांच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते मला बिलांवर सह्या करताना दिसणार नाही. मला ती तीन वर्षं वर्गातच हवी आहेत." त्यांच्या घरी आईचे दुखणेही होते, आणि आर्थिक व्यवहारातली कोणतीही चूक शेवटी मुख्याध्यापकाच्या नावावर येते याची त्यांना धास्ती होती, तीही त्यांनी लपवली नाही. मग म्हणाले, "पण तुमचं तसं नाही. वेळापत्रक करताना तुम्हाला मी पाहिलंय."

त्यांच्या नकाराबद्दल मला पूर्ण आदर आहे. जे पद घेतात त्यांचा हेतू मोठा आणि जे नाकारतात त्यांचा लहान, असे मुळीच नाही. पद घेणाऱ्यांची कारणेही अनेक असतात आणि ती सांगायला संकोच वाटू नये. २० वर्षे बोलून घसा बसलेला असतो, उभे राहून गुडघे धरलेले असतात. १ नोव्हेंबर २००५ पूर्वी लागलेल्या आम्हा लोकांचे निवृत्तिवेतन शेवटच्या वेतनावर ठरते, त्यामुळे शेवटच्या वर्षांतली वाढ आयुष्यभर पुरते. आपण नाही घेतले तर आपल्यापेक्षा धाकट्याच्या हाताखाली काम करावे लागेल, हा विचारही माणसाच्या मनात येतो. माझ्या बाबतीत पैशाचा फरक अगदी थोडा होता; वरिष्ठ वेतनश्रेणी मला आधीच मिळालेली होती, आणि वेतननिश्चितीचा तक्ता पाहून आमच्या घरी विचारले गेले ते इतकेच की मे महिन्याची सुट्टी आता मिळणार का. ती मिळत नाही. निकाल, दाखले, प्रवेश, पुस्तकांची मागणी हे सगळे मे महिन्यातच असते.

मला जाण्याचे कारण एकच होते. वर्गाबद्दलचे निर्णय वर्ग माहीत असलेल्या माणसाने घ्यावेत, आणि ते निर्णय कार्यालयातल्या कागदांवर होतात. पुण्यात तरी शिकवणे आणि शाळा चालवणे ही कामे मुळात वेगळ्या माणसांची नव्हती. १८४८ मध्ये भिडे वाड्यात सावित्रीबाई शिकवतही होत्या आणि शाळा उभीही करत होत्या. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल सुरू करणारे चिपळूणकर, टिळक स्वतः वर्गावर जात. त्याच शाळेची धुरा वाहणारे आणि पुढे फर्ग्युसन महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झालेले वामन शिवराम आपटे यांनी त्याच वर्षांत संस्कृतचा एवढा मोठा कोश सिद्ध केला. त्यांची थोरवी आपल्यात नाही, पण कार्यालयात गेले की शिक्षकपण संपते, हे खरे नाही एवढे त्यांच्याकडे पाहून नक्की समजते.

पुढची प्रक्रिया मी ओळीने सांगते, कारण ज्यांच्यावर ही वेळ येणार आहे त्यांना ती आधी कोणी सांगत नाही. संस्थेच्या कार्यकारिणीने नेमणुकीचा ठराव केला. ठरावाची प्रत, ज्येष्ठता यादी, मराठीच्या सरांचे नकारपत्र, माझी शैक्षणिक प्रमाणपत्रे आणि सेवापुस्तकातील नोंदींच्या प्रती असा प्रस्ताव शिक्षणाधिकारी (माध्यमिक) कार्यालयात मान्यतेसाठी गेला. तो एकदा त्रुटीसाठी परत आला. नकारपत्रावर तारीख घालायची आमच्याकडून राहून गेली होती. सरांनी ते पुन्हा लिहून दिले. मान्यता आल्यावर बँकेत आणि वेतन पथकात नमुना स्वाक्षऱ्या द्याव्या लागल्या, शालार्थ या पगाराच्या संगणक प्रणालीत मुख्याध्यापक म्हणून नोंद करून घ्यावी लागली. हे वेळेत झाले नाही तर सगळ्या शाळेचे वेतन देयक अडते, म्हणून पहिल्या महिन्यात मी दुसऱ्या कशाकडे पाहिलेच नाही.

पदभार घ्यायला दोन दिवस लागले. मोठे सर एकेक वस्तू दाखवत, मी यादीवर खूण करत असे. चेकबुके, रोजकीर्द, जडवस्तू नोंदवही, सेवापुस्तकांचे कपाट, प्रयोगशाळेच्या किल्ल्या, पोषण आहाराची चव नोंदवही. शेवटी जनरल रजिस्टरे. सर्वांत जुन्या रजिस्टराची बांधणी कापडी, पाने पिवळी, कडा ठिसूळ. पानाखाली तळहात धरून ते उलटावे लागते. सरांनी मला एका पानावर बोट ठेवून जन्मतारखेचा रकाना वाचायला सांगितला. १ जून, १ जून, ६ ऑगस्ट, १ जून, १ जून. आई-वडिलांना तारीख सांगता आली नाही की शाळेत १ जून लिहिली जाई. सर म्हणाले, "माझीही १ जूनच आहे. म्हणून तर ३१ मेला चाललो." ज्याचा जन्म महिन्याच्या एक तारखेचा, तो आदल्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्त होतो. कोणा गुरुजींनी एका सकाळी दौतीत टाक बुडवून लिहिलेल्या एका तारखेवर माणसाची नोकरी सुरू होते आणि संपते. मूल शाळा सोडून गेल्यावर त्या नोंदीत दुरुस्ती करायची तर शिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी लागते. हे रजिस्टर जपून लिहायला हवे, एवढेच सर म्हणाले आणि त्यांनी किल्ली माझ्या हातात दिली.

पहिल्याच वर्षी त्या वाक्याचा अर्थ कळला. विद्यार्थ्यांच्या संख्येवरून संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरते, आणि त्या संख्येत आधार पडताळणी झालेली मुलेच धरली जात होती. आमच्या ४१ मुलांची पडताळणी होत नव्हती. रजिस्टरात 'सुमीत' आणि आधारवर 'सुमित', रजिस्टरात वडिलांचे नाव मधे आणि आधारवर नुसते आडनाव, कुठे लिंगाच्या नोंदीत चूक, कुठे जन्मवर्षात. ही मुले रोज वर्गात बसत होती, डबा खात होती, कवायत करत होती, आणि गणतीत नव्हती. सप्टेंबरचा पूर्ण महिना मी आणि लिपिक, हो, २०११ च्या खिडकीवरचाच तो लिपिक, एकेका पालकाला बोलावत होतो. ज्यांना कामाचा खाडा परवडत नव्हता त्यांच्या मुलांना शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही स्वतः आधार केंद्रावर नेले. ३७ मुलांचे काम झाले. चार राहिली.

तरीही एक पद गेले. मुलांची संख्याच कमी झाली होती. सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक हे प्रमाण, आणि त्यात आमचे एक तरुण विज्ञान शिक्षक सेवेत सर्वांत कनिष्ठ म्हणून अतिरिक्त ठरले. ते पत्र त्यांना माझ्या सहीने द्यावे लागले. मी त्यांना घरी जायच्या वेळी बोलावले, दार लावून घेतले, आणि पाकीट देण्याआधी सगळे तोंडी सांगितले: समायोजन कसे होते, पगार थांबत नाही, नवी शाळा जिल्ह्यात कुठेही मिळू शकते. त्यांनी पत्र वाचले, पोच म्हणून जावक रजिस्टरात सही केली, आणि विचारले, "मॅडम, आठवीचं प्रकाशाचं प्रकरण अर्धं झालंय. ते पुरं करून जाऊ ना?" मी हो म्हणाले. ते गेल्यावर बराच वेळ मी तशीच बसून राहिले. या पदाचे दुःख मला कोणी विचारले तर मी हेच सांगते. शिक्षकांना वर्ग मिळावा म्हणून मी इथे आले, आणि एका चांगल्या शिक्षकाचा वर्ग सुटल्याचे पत्र माझ्याच सहीने निघाले.

वर्ग माझाही काही प्रमाणात सुटला आहे. नववी 'ब'चे गणित भाग दोन मी स्वतःकडे ठेवले आहे आणि तो तास मी कोणत्याही बैठकीसाठी सोडत नाही. बैठकीची वेळ कळली की आधी तो तास दुसऱ्या दिवशी हलवून घेते. पण वर्गशिक्षिकेला मुले जे सांगतात ते मोठ्या बाईंना सांगत नाहीत. मी व्हरांड्यातून गेले की आवाज खाली येतो. पहिले काही महिने याचे मला फार वाईट वाटले.

जूनमध्ये प्रवेशाचे टेबल आता खिडकीच्या आत नसते. ते बाहेर व्हरांड्यात, दोन खुर्च्यांसकट मांडलेले असते, कारण उभे राहून माणूस लवकर परत फिरतो. टेबलावर एक वही आहे. जो कोणी मुलाला घेऊन येतो त्याचे नाव, मुलाचे नाव आणि मोबाइल क्रमांक आधी तिच्यात लिहायचा, मग कागदपत्रांचे विचारायचे. दाखला नसेल तर मुलाला त्याच दिवशी वर्गात बसवायचे आणि आधीच्या शाळेला दाखल्यासाठी पत्र आपण पाठवायचे. आमच्या लिपिकाला हे एकदाच सांगावे लागले. आता तो ते पत्र संध्याकाळपर्यंत माझ्यासमोर सहीला ठेवतो.

मराठीचे सर गेल्या वर्षी निवृत्त झाले. ज्येष्ठता यादीत माझ्याखाली आता इंग्रजी शिकवणारी एक सहकारी आहे. पर्यवेक्षकाचे पद रिकामे आहे, आणि ते घ्यावे की नकारपत्र द्यावे हे विचारायला ती मार्चमध्ये माझ्याकडे आली. तिचा वर्ग मी पाहिलेला आहे. तो सोडून यावे असे मी तिला सहजासहजी सांगणार नाही. मी तिला एवढेच म्हटले की लगेच काही ठरवू नकोस, या वर्षीचे वेळापत्रक करून बघ, आणि कपाटातून जुन्या वेळापत्रकांची गुंडाळी आणि दोन कोऱ्या शीट तिच्या हातात दिल्या.

चार दिवसांनी ती शीट घेऊन परत आली. प्रयोगशाळा एकच, आणि तिने 'ब' तुकड्यांपासून सुरुवात केल्यामुळे आठवी 'ब' आणि दहावी 'अ' यांचे प्रात्यक्षिकाचे तास बुधवारी एकाच वेळी येत होते. कोणाचा हलवायचा, असे तिने विचारले. मी पेन्सिल घेतली, टेबलावरच्या फाइली बाजूला सारल्या आणि आम्ही दोघी बुधवारपासून बघायला लागलो.